मागचे दार : सरकते काढले, दोन पल्ल्यांचे बसवले

लातूरच्या नव्या वस्त्यांतून फिरताना एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. वीस बाय तीसच्या प्लॉटवर घर बांधणारा मजूर माणूस पुढच्या दारासाठी जीव काढतो. कर्ज करील, पण पुढे सागवानच लावील. त्यावर कोरीव काम, पितळी कडी, वर नावाची पाटी. मागच्या दारापर्यंत येता येता पैसा संपलेला असतो. मग कोणीतरी सल्ला देते, "मागं स्लायडिंग टाका. स्वस्तात पडतंय, जागाबी खात नाही." आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीत दोन काचांचे सरकते दार येऊन बसते.

पहिले वर्षभर ते दार खरोखर छान दिसते. उजेड येतो, एका बोटाने सरकते, पाहुणे कौतुक करतात. त्यानंतर काय होते हे ज्यांच्या घरी असे दार आहे त्यांना सांगायला नको. खालच्या पन्हळीत धूळ बसते. आपल्याकडची काळी माती पावसात चिखल होऊन त्याच पन्हळीत जाते आणि वाळली की सिमेंटसारखी घट्ट होते. छोटी चाके झिजतात. काळ्या जमिनीवरचे घर पावसाळ्यात थोडे वर उचलते, उन्हाळ्यात खाली बसते; पायात पुरेसा मुरूम नसेल तर चौकट तसूभर तिरकी होते. तेवढ्यानेही सरकत्या दाराचा श्वास कोंडतो. मग दोन हातांनी ओढा, लाथ मारा, तेल सोडा.

दुसरी गोष्ट फारसे कोणी बोलत नाही. सहा फुटांचे सरकते दार सहा फूट उघडत नाही. एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो, म्हणजे अर्धी जागा कायमची अडलेली. चौकटीची जाडी वजा केली की हाती राहते पावणेतीन फुटांची फट. पैसे सहा फुटांचे मोजायचे आणि वाट पावणेतीन फुटांची वापरायची, असा हा व्यवहार आहे.

आमच्या घरीही असेच दार होते. पुढे बैठकीची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली आणि तिच्या पलीकडे मोरी, संडास, पाण्याची टाकी असलेले लहानसे अंगण. विजेचा मीटर पुढच्या दाराला लागून. एका जून महिन्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, रात्री मीटरच्या पेटीतल्या वायरी पेटल्या. जाळ मोठा नव्हता, पण वायरीच्या आवरणाचा काळा धूर बैठकीत भरला आणि पुढच्या दाराकडे जायची सोय राहिली नाही. आम्ही सगळे मागे धावलो. सरकते दार वीतभर सरकले आणि अडकले. पहिल्या पावसाचा चिखल पन्हळीत वाळून बसला होता. दोन्ही लेकरे अंग चोरून त्या फटीतून बाहेर गेली. आमच्या मायला ते जमणे शक्य नव्हते; तिचे गुडघे गेलेले, अंगाने थोराड. शेजारचा एक तरुण भिंतीवरून उडी मारून आला, त्याने बाहेरून पल्ला वर उचलला, तसा तो पन्हळीतून अलगद निघून त्याच्या हातात आला. माय बाहेर आली. कोणाला इजा झाली नाही. पण एक प्रश्न घरात राहून गेला. जो पल्ला आतल्या माणसांना सरकला नाही, तो बाहेरच्याला सहज उचलून काढता येत असेल, तर ते दार नेमके कोणासाठी होते? (ज्याने ते बसवून दिले त्याचा फोन त्यानंतर कधी लागला नाही.)

मागचे दार म्हणजे भांडी घासायला जाण्याची वाट नव्हे, ती घरातून बाहेर पडण्याची दुसरी वाट आहे, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. जुन्या वस्तीतल्या आपल्या आजा-पणज्यांच्या घरांना मागचे दार नसायचेच. पुढचे दार म्हणजे तुराट्यांचा ताट्या, तोही शेणाने लिंपलेला. कुत्रे आत येऊ नये एवढेच त्याचे काम. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्याच्या अनेक खेड्यांत आपली घरे पेटवली गेली. त्या पिढीतली म्हातारी माणसे आजही नवे घर पाहायला गेली की आधी विचारतात, "मागून निघता येतंय का?" ही विचारपूस भीतीची नाही, अनुभवाची आहे.

नंतर किल्लारी झाली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी. गणेश विसर्जनाची रात्र उलटून लोक गाढ झोपलेले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. माती-दगडांच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर मातीचे जड माळवद, आणि एवढ्या घराला वाकून जावे लागेल असे एक दार. बहुतेकांना उठायलाच वेळ मिळाला नाही, हे खरे. त्यांच्यासाठी दार लहान काय नि मोठे काय. पण पुढे कित्येक महिने धक्के बसत होते, आणि त्या दिवसांत थंडीतही माणसे उघड्यावर झोपत होती, कारण घरातून झटकन निघता येईल असा भरवसा कोणालाच नव्हता.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरांचे माप जमिनीच्या मापाने ठरले. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला साडेसातशे चौरस फूट, मधल्याला साडेचारशे, आणि भूमिहीन मजूर व एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी यांना अडीचशे. आपल्यातले किती लोक कोणत्या रांगेत होते हे वेगळे सांगायला नको. माप छोटे मिळाले ही तक्रार आजही आहे आणि ती रास्त आहे. मात्र त्या कामांतून गवंड्यांना काही गोष्टी कळल्या. दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून घराला सगळीकडून कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, दार भिंतीच्या कोपऱ्याला चिकटवायचे नाही, निदान दीड फूट सोडायचे, एका भिंतीला फार भोके पाडायची नाहीत. किल्लारीच्या वेळी सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता; २००२ साली तो नकाशा बदलून लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. म्हणून मागचे दार बदलताना हौसेने भिंत फोडून ते रुंद करायला निघालेल्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे, की ती भिंत तशीच राहू द्या. आहे त्याच मापात जास्त वाट मिळू शकते.

ती मिळते दोन पल्ल्यांच्या दारातून. शहरातल्या दुकानांत याला हल्ली 'फ्रेंच डोअर' म्हणतात, आणि त्या नावाचे वेगळे पैसे लावतात. काचा बसवलेले, मधोमध भेटणारे दोन पल्ले, बिजागरीवर फिरणारे, एवढाच त्याचा अर्थ. नाव फ्रेंच असले तरी रीत आपल्याकडे जुनीच आहे. पाटील-देशमुखांच्या वाड्यांना असे दोन पल्ल्यांचे दार असे. आपल्या वाडवडिलांनी ते बाहेरून पुष्कळ पाहिले, आतून पाहायची त्यांना मुभा नव्हती.

दार बाहेर उघडावे की आत, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला. आत उघडले तर पावसाचे पाणी बिजागरीवर येत नाही आणि वाऱ्याने पल्ला आपटत नाही, असे सुतारकाकांचे म्हणणे. पण घाबरलेली माणसे दाराकडे एकदम धावली तर आत उघडणारे दार त्यांच्याच अंगांनी दाबले जाते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा १४६ कामगार मेले. त्यांतल्या बहुतेक कोवळ्या वयाच्या पोरी होत्या. बाहेर पडायचे एक दार मालकाच्या माणसांनी कुलूप लावून बंद ठेवलेले होते. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली, तिथेही बाहेर पडायच्या वाटा अडवलेल्या होत्या. आपल्या देशाच्या बांधकाम संहितेत लोकांच्या वापराच्या इमारतींसाठी बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद असावे आणि ते बाहेरच्या बाजूला उघडावे असे आहे. घराला तो नियम लागू होवो न होवो, त्यामागची अक्कल घरालाही लागू पडते. आम्ही बाहेर उघडणारे दार करायचे ठरवले. आमच्यामागे स्वतःचे अंगण आहे म्हणून हे जमले. ज्यांचे मागचे दार बोळात किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत निघते त्यांनी ते आतच उघडावे, नाहीतर रोजचे भांडण विकत घेतल्यासारखे होईल.

सुतारकाका बाभळगाव रस्त्याकडचे, चाळीस वर्षे हातात रंधा असलेले. त्यांनी आधी मायला विचारले, "मावशी, तुमची खुर्ची केवढी?" डॉक्टरांनी मायला चाकाची खुर्ची सांगितली होती. तिला सुखाने जायला तीन फूट मोकळी वाट लागते. काकांनी हिशेब मांडला. भोक सहा फुटांचे. दोन्हीकडे तीन-तीन इंचांची लाकडी चौकट गेली की राहिले साडेपाच फूट. त्याचे दोन सारखे पल्ले केले तर प्रत्येकी पावणेतीन फूट, म्हणजे एक पल्ला उघडून खुर्ची जाणार नाही, रोज दोन्ही उघडावे लागतील. त्यापेक्षा एक साडेतीन फुटांचा करायचा, दुसरा दोन फुटांचा. मोठा रोजच्या वापराचा. छोटा वर-खाली कडीने बंद ठेवायचा आणि कपाट, पलंग, पाण्याची टाकी न्यायची असेल तेव्हा उघडायचा. दुकानातल्या चित्रात दोन्ही पल्ले सारखे असतात, आमचे दिसायला जरा लंगडे आहे. मायला ते लंगडे दार फार आवडले.

लाकडाचा विचार करताना सागवानाचा मोह आवरला पाहिजे. मागच्या दाराला त्याची गरज नाही. आमच्या चौकटीला बाभूळ लावली. बैलगाडीच्या कामाला जे लाकूड पुरते ते चौकटीला न पुरायला काय झाले? मात्र बाभूळ पुरती वाळलेली हवी. ओली लावली तर पिळवटते आणि चौकटीसकट भिंतीचे प्लास्टर फोडते. पल्ल्यांना जुन्या लाकडाच्या अड्ड्यावरून काढलेल्या फळ्या घेतल्या. जुने लाकूड जे काही वाकायचे ते वाकून बसलेले असते, त्यामुळे पुन्हा धोका देत नाही. किल्लारी भागात पडलेल्या घरांतून निघालेली लाकडे लोकांनी नव्या घरांच्या पुढच्या पडवीला लावली ती याच शहाणपणातून. खिळे मात्र एकेक उपटून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते जाते आणि सुताराचे तोंड सुटते. कडुलिंबाचेही लाकूड चालते, त्याला वाळवी लवकर धरत नाही. ज्यांना वाळवीचा फारच त्रास आहे त्यांनी लोखंडी चौकट घ्यावी आणि गंजाचा रंग आधी मारून घ्यावा.

काम असे झाले. आधी काचा काढल्या, मग ॲल्युमिनियमचे पल्ले, शेवटी चौकट. हे उलट क्रमाने केले की काच फुटणार हे ठरलेले. चौकट निघाल्यावर भोकाचे दोन्ही कर्ण मोजले. खालचा डावा कोपरा ते वरचा उजवा, आणि दुसरा तसाच. दोन्ही मापे सारखी आली तर भोक चौकोनी आहे. आमच्यात पाऊण इंचाचा फरक निघाला. काळ्या मातीने आपले काम केलेले होते. भोक तिरके असले तरी चौकट तिरकी बसवायची नसते. ती ओळंब्यात आणि पाणसळीत सरळ उभी करायची आणि फट सिमेंटच्या मालाने भरायची. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला डांबर लावून घेतले. प्रत्येक उभ्या बाजूला तीन लोखंडी पकडी भिंतीत गाडल्या, कारण दोन पल्ल्यांचे सगळे वजन बिजागरीवरून चौकटीवर आणि चौकटीवरून त्या पकडींवर येते. सरकत्या दाराचे वजन जमिनीवर असते, म्हणून त्याची चौकट पोकळ असली तरी खपते. इथे खपत नाही. माल भरल्यावर आठ दिवस पाणी मारले आणि तोवर पल्ले लावू दिले नाहीत. त्या आठ दिवसांत भोकाला साडी आणि ताडपत्री होती. आठ रात्री एका माणसाने दाराशी झोपायचे, अशी पाळी लावली. घाई करणारे इथेच फसतात.

दरवाजाच्या डोक्यावरच्या लिंटलला आम्ही हात लावला नाही. कोणाच्या घरी तिथे लिंटल नसून नुसते लाकडी ओंडके असतील, किंवा तिरपी भेग गेलेली असेल, तर आधी वर टेकू द्यावा आणि जाणत्या माणसाला दाखवावे. नवे लिंटल टाकायची वेळ आली तर ते दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान सहा इंच टेकले पाहिजे.

पल्ल्यांना प्रत्येकी चार इंची तीन बिजागऱ्या आहेत. बाहेर उघडणाऱ्या दाराची बिजागरी बाहेरून दिसते. तिची सळई ठोकून काढता येणार नाही अशी बंद टोकाची घ्यावी लागते, नाहीतर चोराला कुलूप तोडायचेही कष्ट नकोत. दोन पल्ले जिथे भेटतात तिथे मोठ्या पल्ल्याला दीड इंचाची पट्टी लावली आहे. ती छोट्यावर चढते आणि फट झाकते. पाऊस, धूळ आणि बाहेरची नजर तिघेही तिथेच अडतात. खालचा निम्मा भाग लाकडी, वरच्या निम्म्यात जाड काच आणि काचेच्या आतून जाळी. मायला पलंगावर पडल्यापडल्या अंगणातले तुळशीचे रोप आणि शेवग्याचे झाड दिसावे, हे काचेचे माप ठरवताना पाहिले. उंबरा ठेवला नाही. खुर्ची अडते. त्याऐवजी बाहेरची फरशी आतल्यापेक्षा एक इंच खाली घेऊन तिला उतार दिला आणि वर दीड फुटांचा पत्र्याचा छज्जा काढला. चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवल्यामुळे पल्ले पूर्ण फिरून भिंतीला टेकतात आणि तिथे एकेक आकडा आहे. वैशाखात वावटळ सुटते तेव्हा हा आकडा नसेल तर एका फटक्यात काच जाईल.

कडीबद्दल थोडे जास्त सांगतो. आपल्या वस्त्यांत रात्री आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवायची सवय आहे. धुरात, अंधारात, घाबरलेल्या हाताला किल्ली सापडत नाही. आमच्या मोठ्या पल्ल्याला एकच जाड आडवी कडी आहे, आठ वर्षांच्या लेकराच्या छातीएवढ्या उंचीवर. दिवे बंद करून घरातल्या प्रत्येकाने ती उघडून पाहिली, मायनेसुद्धा खुर्चीत बसून. छोट्या पल्ल्याची वरची कडी मात्र उंच आहे. ती ऐनवेळी उघडली नाही तरी साडेतीन फूट वाट मोकळीच असते.

सरकत्या दाराची बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्यामागे अंगण नाही, आत पलंग दाराला लागून आहे, तिथे फिरणाऱ्या पल्ल्याला जागाच नसते. अशांनी सरकते ठेवावे, पण पन्हळ दर आठवड्याला खराट्याच्या काडीने उकरावी, पावसाळ्याआधी चाके बदलून घ्यावीत. रमाई आवास योजनेच्या २६९ चौरस फुटांच्या घरकुलात मागे दार ठेवता येत असेल तर ते चार फुटांचे ठेवावे. साडेतीन फुटांची मोकळी वाट राहते. तिथे सव्वादोन आणि सव्वा फूट असे पल्ले करता येतात. रोज एक, गरजेला दोन्ही. बांधतानाच ठरवले तर खर्चात फारसा फरक पडत नाही. नंतर भिंत फोडायची म्हटले की फरकच फरक.

खर्चाचा आकडा आम्ही मुद्दाम छापत नाही, अंक हाती पडेपर्यंत तो जुना होतो. एवढे सांगतो की लाकडापेक्षा मजुरी जास्त झाली, आणि ती योग्यच होती. जुने ॲल्युमिनियम भंगारवाल्याने किलोवर घेतले, त्यात बिजागऱ्या आणि कड्या निघाल्या. सरकत्या दाराच्या दोन काचा मात्र भंगारात जाऊ दिल्या नाहीत. काकांनी त्याच कापून नव्या पल्ल्यांत बसवल्या. टणक केलेली काच अशी कापता येत नाही, तुकडे होतात, म्हणून आधी विचारून घ्यावे.

पहिल्या पावसाळ्यात मोठा पल्ला फुगला आणि खाली घासू लागला. शेजारपाजारचे म्हणाले, लगेच रंधा मारून घ्या. काकांनी मारू दिला नाही. पावसात रंधा मारला तर उन्हाळ्यात त्याच जागी बोटभर फट पडते, असे ते म्हणाले. आम्ही कडांना मेण चोळले आणि वाट पाहिली. दिवाळीच्या सुमारास लाकूड पुन्हा आपल्या मापात आले. त्यानंतर काकांनी येऊन फक्त खालच्या कोपऱ्यावर चार हात मारले, नुकत्या रंधलेल्या जागी तेल लावले आणि चहा पिऊन गेले.